वल्द

पहाटेचे पावणेतीन. मिहान, तिसरा मजला.
बाहेर मे महिना अजून खापरीच्या डांबरातून वाफ सोडतोय,
आत मी स्वेटर घालून बसलेली.
एका दवाखान्याच्या बिलांच्या सर्व्हरवरून
कुणीतरी दर चाळीस सेकंदांनी
बाहेर कुठंतरी हाक मारतंय.

आठ हजार आठशे बारा.
नाव साधंच, शंका येऊ नये असं.
मी विचारते, तू कोणाचा?
चालू यादी सांगते: बाप नंबर एक.
म्हणजे अनाथ.
खरा बाप मेला की पोर एक नंबरच्या ओटीत जातं
आणि कागदावर सगळं नीट दिसतं.

म्हणून यादी सोडायची, लॉग उघडायचा.
चार लाख ओळी.
इथला कायदा असा की
जन्माची नोंद पोराच्या ओळीत होते.
बापाच्या ओळीत पोरांचा पत्ता नसतो;
किती झाली, कुठं गेली, त्याला कुणी विचारत नाही.
पोरानंच कपाळावर बापाचा आकडा घेऊन फिरायचं.
खालून वर. नेहमी खालून वर.

ही वाट माझ्या पायाखालची.
जात पडताळणीसाठी बाबांसोबत हिंडले तेव्हा मी अकरावीत होते.
उमरेडच्या रेकॉर्ड रूममध्ये हेडाऊ नावाचे कारकून
कोतवाल बुकाच्या पानावर बोट फिरवत पुटपुटायचे,
'सोमा वल्द लख्या. लख्या वल्द...
हे वाळवीनं खाल्लं, पोरी.'
बाबा म्हणाले, दुसरं पुस्तक असन ना?
दुसऱ्या पुस्तकात सोमा होता, वल्द लख्याच,
पण हा सोमा जन्मला त्या साली
आमच्या सोमाला दोन लेकरं होती.
हेडाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
'नाव तेच हाय. माणूस तो नाही.'

आठ हजार आठशे बारा, वल्द आठ हजार सातशे नव्वद.
तो एक शेल. जगला अकरा सेकंद.
त्याचा वल्द सहा हजार एकशे चार.
तो तर लगेच सापडतो: प्रिंटरची सेवा, गरीब, निरुपद्रवी,
सुरू झाली एक वाजून बावीस मिनिटांनी.
आणि पोर जन्मलं बारा चाळीसला.

बापाआधी पोर.

आकडे संपले की यंत्र जुनेच पुन्हा वाटायला घेतं,
मेलेल्याचा बिल्ला नव्याच्या गळ्यात.
नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही.
आकडा आणि वेळ. दोन्ही जुळले तरच नातं.

निखिलेश चहा ठेवतो. 'भेटला का बाप?'
'खोटा भेटला.'
'मंग खरा?'
मी वर सरकते. एक वाजता, बारा पन्नास, बारा छत्तीस.
सहा हजार एकशे चार, पहिला, आता हयात नसलेला.
रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट. आमचीच. पाच वर्षं जुनी,
माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव: र. सोनकुसरे.
म्हणजे मी.
निखिलेश काही बोलत नाही, बिस्कीट तसंच चहात धरून ठेवतो,
ते तुटून पडतं.

स्क्रिप्ट माझी आहे. शेवटून दुसरी ओळ माझी नाही.
फाईल सांगते, ती नऊ दिवसांपूर्वी घुसली.
लॉग आम्ही सात दिवसांचाच ठेवतो.
त्यापलीकडे वाळवी.

अहवालात 'मूळ' असा एक रकाना असतो,
रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात नाही.
बाबांच्या फॉर्ममध्येही होता.
त्यांनी निळ्या पेनानं, ओळ न सोडता लिहिलं होतं:
पुढील पुरावा मिळाल्यास सादर करीन.
मी तेच टाइप करते.

मग आठ हजार आठशे बाराला मारते.
हाक थांबते.
नंबर एक लगेच त्याची शेवटची नोंद उचलून घेतो,
दत्तक बाप कर्तव्याला चुकत नाही.
आकडा मोकळा झाला.
सकाळपर्यंत कुणाला तरी मिळेल.