डावी बाजू

मीठ, लिंबाची फोड, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर,
सगळं जागच्या जागी.
हे भात खातात, वांग्याची भाजी खातात,
पोळीसुद्धा उजवीकडून अर्धीच,
आणि म्हणतात, "कुमुद, आज सगळंच अळणी."

डोळे शाबूत आहेत. दोनदा तपासले.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी
मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त पोचलं नाही
आणि डावी बाजू दिसेनाशी झाली असं नाही,
ती नव्हतीच कधी, असं झालं.
अर्धी दाढी. कोटाची एकच बाही.
शेफील्डच्या ट्राममधून टेकड्या दिसतात त्या एकाच खिडकीतल्या.
एकतीस वर्षं या माणसानं पोलादातले तडे शोधले,
केसाएवढे.

इथे याला दुर्लक्ष म्हणतात.
आपल्याकडे शब्द आधीपासून आहे, डावलणं.
मला वाटायचं, ते फक्त नातेवाईक करतात.

जूनमध्ये इमोजेन आली, चष्म्याची पेटी घेऊन.
काच अशी की जग थोडं उजवीकडे सरकतं.
समोरच्या ठिपक्यावर बोट ठेवायचं, चुकायचं,
पुन्हा ठेवायचं, साठ वेळा.
हात हळूहळू डावीकडे जायला शिकतो
आणि चष्मा काढल्यावरही काही वेळ
त्याला ते आठवत राहतं.
म्हणजे, असं त्यांना वाटतं. तेच तर शोधायचंय.
म्हणून निम्म्या लोकांना साधी काच.
कुणाला कुठली, ते कॉम्प्युटरनं ठरवलंय,
पाकिटं बंद आहेत,
"मलाही माहीत नाही," इमोजेन म्हणाली,
आणि तिचा चेहरा बघून मला पटलं.

एकच अट मला जड गेली, ताट फिरवायचं नाही.
मार्चपासून मी तेच करत होते,
अर्धं जेवण झालं की हळूच अर्धा फेरा,
आणि हे दचकून म्हणायचे, "अरे, अजून आहे?"
रोज तेवढा एक आनंद होता घरात.

नवव्या दिवशी राहवलं नाही.
ताट नाही फिरवलं,
चिमूटभर मीठ उचलून भाजीवर टाकलं.
रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला, कबूल केलं.
ती हसली नाही. तारीख विचारली, लिहून घेतली.
कुणीतरी माझी चोरी इतकी मनापासून
पहिल्यांदाच लिहून घेतली.

लग्नात भटजींनी मला उजवीकडून उठवून
डावीकडे बसवलं होतं.
बेचाळीस वर्षं तीच जागा.
आता तिथे बसून मी बघते,
हे उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला विचारतात,
"कुमुद, कुठे गेलीस?"
नर्स म्हणते, तिथेच बसा, जागा बदलू नका,
त्यांना वळू दे.
मी ओ देते. मान वळते, नाकापर्यंत येते, थांबते.

शेवटच्या दिवशी घड्याळ काढायला दिलं.
पहिल्यांदा काढलं होतं तेव्हा बारा ते सहा
उजव्या कडेला दाटीवाटीनं, पुढे पांढरा कागद.
आमच्याकडे संध्याकाळ त्यानंतर झालीच नव्हती.
या वेळी सहापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली.
मग सात.
वर्तुळाच्या बाहेर, वाकडा, पण डावीकडे.

त्याला गुण नाही. नियमात बसत नाही.
खरी काच होती की साधी,
हे दोन वर्षांनी पत्रानं कळवतील.
मी विचारलं, हा कागद ठेवू का?
इमोजेन म्हणाली, नाही हो, तो डेटा आहे,
आणि फाइलमध्ये घालण्याआधी
क्षणभर माझ्यासमोर धरला.

ती गेल्यावर मी जेवण वाढलं.
चटणी तिच्या जागी. मी माझ्या.