चवीपुरतं

पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
बाहेर उणे अठ्ठावीस. काचेवर
उलानबातरचा कोळसा करडा होऊन बसलेला.
म्हटलं, प्रत्येकाने एक खोड निवडा,
आपली, पेशंटची नव्हे,
आणि चाळीस दिवस ती सोडून दाखवा.
तोवर या वॉर्डात कुणी कुणाला
"सवयी बदला" म्हणायचं नाही.

पोरं हसली. तिसऱ्या वर्षाची पोरं हसतातच.
गानझोरिगने सिगारेट निवडली, अशा ऐटीत,
की खिशातून पाकीट नव्हे, राजीनामा काढतोय.
नोमुनदारीने रात्री दोनपर्यंतचा फोन.
म्यागमारने नुसतं लिहिलं: जिना.
मी निवडलं चहातलं मीठ.
आमच्या चहात दूध असतं आणि मीठ;
साखर असते ती परक्यांच्या कपात.

नवव्या दिवशी गानझोरिग सापडला
शवागाराच्या मागच्या दाराशी, धुरासकट.
मी त्याला काही बोलले नाही.
कारण अकराव्या दिवशी पहाटे,
घर झोपलेलं असताना,
मीही बरणी उघडली.
सव्वीस वर्षं रक्तदाब शिकवणारी ही बोटं
चोरासारखी आत गेली.
जित्याची खोड, म्हणतात ना,
मेल्याशिवाय...
आमचा तर धंदाच मुळी
त्या म्हणीच्या उत्तरार्धाला उशीर करायचा.

एकोणिसाव्या दिवशी चोइजिलजाव आले.
मेंढीच्या कातड्याचा झगा, ब्याण्णव किलोमीटरचा रस्ता,
एकशे नव्वदवर एकशे दहा.
फायलीत सात डॉक्टरांच्या सात सह्या,
सातही जणांचं एकच वाक्य: मीठ कमी करा.
म्हातारबाबा मान खाली घालून बसलेले,
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या घोड्यासारखे.
तेच वाक्य आठव्यांदा
माझ्या जिभेवर येऊन थांबलेलं.

तेवढ्यात म्यागमार,
जी वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडते,
तिने स्टूल ओढलं.
"आजोबा, चहा कोण करतं?"

बराच वेळ हीटरची नळी तेवढी ठकठकत राहिली.
"आता मीच. ती होती तोवर ती करायची.
मी तिच्याएवढंच घालतो. तीन चिमटी.
दाणाभर जास्त नाही."
आणि दाखवायला म्हणून त्यांनी हात वर केला.
आम्ही सगळ्यांनी तो पाहिला:
लगाम ओढून ओढून रुंदावलेला पंजा,
फावड्यासारखी बोटं.
त्यांनीही पाहिला. बहुधा पहिल्यांदाच.
"तिची चिमूट," ते म्हणाले,
"लहान होती."

कुणाच्याही वहीचं पान वाजलं नाही.
मग म्यागमारनेच विचारलं,
तिचं काही उरलंय का घरात,
एवढंसं, बोटाच्या मापाचं?
त्यांनी आठवून आठवून सांगितलं:
अंगुस्तान. शिवणाच्या डब्यात. चेपलेलं.

महिन्याने परत आले. एकशे बहात्तर.
पुस्तकात याला यश म्हणत नाहीत.
गोळ्या चालूच आहेत.
"आठ दिवस चहा अळणी लागला," ते कुरकुरले.
"मग आठवलं, तिच्या हातचाही असाच लागायचा.
तेव्हाही मी कुरकुरायचो."

चाळीसाव्या दिवशी वह्या आल्या.
गानझोरिगच्या वहीत "आजपासून" हा शब्द
चार वेळा, चार वेगवेगळ्या शाईंत.
चौथ्याला मी पूर्ण गुण दिले.
नोमुनदारीची वही रात्री पावणेदोनला आली, फोनवर.
म्यागमारने लिहिलं होतं:
सोबत कुणी असलं की सहाही मजले चढते,
एकटी असले की लिफ्ट. असं का, माहीत नाही.
त्या "माहीत नाही"खाली मी रेघ ओढली,
लाल नव्हे, पेन्सिलीची.

माझी वही कुणी मागितली नाही.
तीत अकराव्या दिवसानंतर
सगळी पानं कोरी आहेत.
वर्गात दाखवायला हवी.
उद्या दाखवेन.
नाहीतर परवा.