बुधवार

घंटा नाही आमच्या चर्चला.
शकुंतलेच्या रुळाचा हातभर तुकडा आहे,
निंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला.
गाडी बंद पडली, रूळ गवतात गेले,
हा एवढा वाजत राहिला.
बुधवारी साडेसातला सुखदान मास्तर
पान्यानं तीन ठोके देतात,
तोवर मी आईला गाडीवरून आणून सोडायचो.

मी आत जात नसे.
इंजिन सुरूच ठेवायचो, तिला कळावं
की कोणीतरी खोळंबलंय.
खिडकीतून सगळं ऐकू यायचं.
मास्तरांची प्रार्थना काना-मात्रा सांभाळत
स्वर्गीय पित्यापासून निघून
जिल्हाधिकारी साहेबांपर्यंत पोचायची.
युनीसबाईंची गुडघ्यांसाठी,
नातवाच्या बारावीसाठी.
मग आई.

आई देवाशी वऱ्हाडीतच बोलायची.
'बापा, शालमनले सुद दे.
बहीण हाय मी त्याची.
एकडाव बोल म्हना.'

शालमनमामा दिग्रसला असतो. पंक्चरचं दुकान.
आजी गेली त्या आठवड्यात
शिलाई मशीनवरून बिनसलं.
ती मशीन आता कोणाकडेच नाही.
मी लहान होतो तेव्हा ही प्रार्थना लांबलचक होती;
तिच्यात रडणं होतं, मशीन होती,
देवाच्या आडून मामीला
दोन-चार टोमणेही होते.
पुढे ती झिजत गेली
अंगाच्या साबणासारखी,
शेवटी चिपटी उरते
आणि तीही कोणी फेकत नाही.
मशीन गळाली, मामी गळाली,
रडणं कधी गळालं माझ्या लक्षात नाही.
'शालमन, बापा.' आमेन.
एवढंच.

एकदा परत येताना मी वैतागून म्हणालो,
देवाला एकदा सांगितलं की कळत नाही का?
बावीस वर्षं तेच ते.
वाऱ्यात मागून तिचा आवाज आला,
'त्याले कळते रे.
मीच इसरून जाईन, म्हून सांगतो.'

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी
तिची उजवी बाजू गेली, आणि जीभ.
यवतमाळहून दहाव्या दिवशी घरी आणलं.
बुधवारी रुळाचे ठोके पडले
तसं तिनं डाव्या हातानं
खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट केलं.
म्हटलं, तुला कसं नेऊ अशात?
बोट हळूच वळलं.
माझ्याकडे.

मास्तर झाले. युनीसबाई झाल्या.
मग कोणीच काही बोललं नाही.
आईची पाळी होती.
उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं
तशी दोघांनी ती ठेवली होती.
ट्यूबलाइट गुणगुणत होती.
एक पाल आढ्यावरून अर्धी उतरली, परत गेली.
माझ्याजवळ विश्वास म्हणावा असं काही नव्हतं.
मामाचा राग होता थोडा;
आईचं सांगायला फोन केला
तर त्यानं नाव ऐकूनच कापला होता.
घसा खाकरला.
'शालमन,' मी म्हटलं.
'बापा' माझ्या तोंडून निघेना.
ते युनीसबाईंनी म्हटलं.

घरी आई जागीच. भुवई वर.
घेतलं नाव, मी सांगितलं.
तिनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली
आणि लगेच घोरायला लागली.

दिग्रसहून अजून काही आलेलं नाही.
पऱ्हाटीची तिसरी वेचणी झाली.
युनीसबाईंचा नातू
इंग्रजीत पुन्हा राहिला,
त्याची प्रार्थना आता पुरवणी परीक्षेसह असते.
मी मात्र हल्ली इंजिन बंद करतो.
किल्ली खिशात टाकतो, चपला काढतो.
आम्ही तिघं बसतो तोवर
बाहेर निंबाखाली तापलेली गाडी
टक्, टक्,
बराच वेळ निवत राहते.