पान चौथं

बहादरपूरच्या शाळेमागं, कडुनिंबाच्या सावलीत
केवळबाईंच्या मांडीवर मी टॅबलेट ठेवला
आणि म्हटलं, बघा, जमतंय का.

आखाजी आठ दिवसांवर. बोरीच्या पात्रात नुसती वाळू,
तिच्यावर दुपार पांढरीफटक.
केवळबाई मांडेवाली. तीस वर्षं
उलट्या खापरावर हात भाजत काढलेली.
त्यांचा अंगठा काचेला कळेना.
एकदा दाबला, दोनदा, पदराला पुसून तिसऱ्यांदा,
मग माझ्याकडे पाहिलं, चूक त्यांचीच असल्यासारखं.
मी वहीत लिहिलं : बाई अडखळतात.

पहिलं पान आम्ही मन लावून केलं होतं.
मधुमेह म्हणजे काय. स्वादुपिंडाचं गुलाबी चित्र,
खाली सात ओळींची व्याख्या,
जळगावच्या तीन डॉक्टरांनी तपासलेली.
"हाई काय शे? रताळं?"
प्रफुल्ल हसला. मीही हसले,
आणि मग टॅबलेटची काच उगाच पुसत राहिले.

दुसरं पान : गोड टाळा.
बाईंनी टॅबलेट हळूच पालथा घातला,
खापर घालतात तसा.
"माय, पुरण चाखानं नही, तर मांडा कसा करू?
माले इतलंच सांग, दिवसभरमा कितला दाव चाखू?"

एकवीस पानं होती आमची.
एकातही हे नव्हतं.

वेळ मारून न्यायला मी विचारलं,
मांडे कुणी शिकवले तुम्हाला?
"फाडी फाडीसन शिकनू."
नऊ फाटले. दहावा कोपरापर्यंत उतरला.
नणंद शेजारी बसून नुसती बघायची,
फाटला की म्हणायची, कुठं जड झाला ते बघ.
गव्हाची जात नाही सांगितली, पिठाचं माप नाही,
आधी हात ओले करायला लावले.

बोलता बोलता त्यांनी पाय लांब केला.
तळव्यावर बिब्ब्याएवढा काळा डाग.
"हाऊ? निखारा पडना व्हता. माले समजनंच नही.
सूनले वास उना, मंग पाय उचला."

प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं.
ते होतं की आमच्याकडे.
चौथ्या पानावर, तळाशी, गुंतागुंत या शब्दाखाली,
बारीक अक्षरात : पायांची संवेदना कमी होऊ शकते.
तिथवर पोचायचं
तर बाईंना आधी ते रताळं ओलांडायचं होतं.

त्या दिवशी आधी दवाखाना. पारोळ्याला, रिक्षानं.
पानं नंतर.

रात्री अमळनेरच्या लॉजवर, पंखा वीज जाईल तसा थांबत,
आम्ही सगळं मोडलं.
पहिल्या पानावर पाय. नुसता पाय, भेगांसकट.
आणि एक प्रश्न : भाजलं तर लगेच कळतं का?
हो. नाही. माहीत नाही.
माहीत नाही हे बटण सगळ्यांत मोठं,
अख्खा अंगठा मावेल एवढं.
"आणि व्याख्या?" प्रफुल्लनं विचारलं.
जिला लागेल ती मागेल.

महिन्यानं पुन्हा गेलो.
केवळबाई शेजारच्या सुगंधाबाईंना शिकवत होत्या,
माझ्या हातात टॅबलेट होता, त्यांच्याकडे पाहिलंही नाही कुणी.
"पाय दुखत नही ना? मंग बरा शे."
मी तोंड उघडलं. मिटलं.
नेमकं उलटं शिकल्या होत्या त्या,
आणि शिकवलं होतं आमच्या पानानं.
वही काढली. कुठं जड झालं ते बघायला.

पुरणाचा प्रश्न तेवढा तसाच होता.
आहारतज्ज्ञ म्हणाल्या होत्या, चाखून थुंका.
"लगीनघरमा थुकू?"

तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, सुपातली डाळ निवडता निवडता,
मान वर न करता,
"तू कशाले चाखस? नातले चाखाड. ती बी शिकी जाई."

केवळबाई काही बोलल्या नाहीत.
जुन्या सवयीनं दोन बोटं ओठांपाशी नेली,
कोरडीच.