खडूचा घोडा

आर्वीच्या वाचनालयात वर्तमानपत्रांचं टेबल ओढून
आम्ही चार पट मांडले.
कारंज्याहून चौघं आले होते दुपारच्या एसटीनं,
एकाच्या पिशवीत संत्री, एकाच्या पिशवीत घड्याळं.
आमच्या एका संचात पांढरा घोडा एकच.
दुसरा कुठल्या तरी पोरानं नेला, त्याला झाली सहा वर्षं.
त्याच्या जागी खडू उभा करतो,
बोटाच्या पेरापेक्षा थोडा उंच.

माझ्यासमोर कुकडे, पतसंस्थेचे कॅशियर.
बसण्याआधी त्यांनी रुमालानं पट पुसला.
"हा काय?"
"घोडा."
"बरं."

चौथी खेळी.
चारही घोडे बाहेर आलेले, सगळं रीतीनं,
व्याही भेटतात तसं.
आणि मी खडू उचलून
त्यांच्या राजापुढून निघालेलं प्यादं मारलं,
ज्याच्यावर त्यांच्या घोड्याचा पहारा होता.
हे त्यांना दिसत होतं, मला दिसत होतं,
खिडकीत उभ्या ग्रंथपालांनाही दिसत होतं.

शेजारच्या पटावरून इंगोले कंपाउंडर, आमचे कप्तान,
आपला डाव सोडून वाकले.
"काय करून राह्यला बे?"
मॅचमध्ये बोलायचं नसतं. त्यांना माहीत आहे.

मी जिनिंगच्या काट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
घोडा तीन, प्यादं एक,
असा सौदा कुणी काट्यावर घेऊन आला
तर त्याला पाणी पाजून परत पाठवीन.
पण रात्रपाळीत, दोन गाड्यांच्या मधे,
हा डाव मी स्वतःशीच खेळलोय, अडतीस वेळा.
अडतीस वेळा हरलो.
तितक्याच वेळा जिंकलो, ते धरायचं की नाही
हे अजून ठरलेलं नाही.

कुकड्यांनी खडू मारला. खाली ठेवला नाही,
हातातच राहिला.
मग माझी प्यादी निघाली.
एक सरकलं, त्यांचा घोडा बाजूला झाला.
दुसरं सरकलं, आणि दुसरा घोडा
जिथून निघाला होता त्याच घरात परत जाऊन उभा राहिला,
कुलूप लावलं होतं का ते बघायला गेल्यासारखा.
एवढी जास्तीची फौज, आणि जवळपास सगळी घरात.
फेब्रुवारी संपत आलेला, कूलर अजून माळ्यावर.
कुकड्यांनी कपाळ पुसलं, तिथेही पांढरी रेघ उमटली.
वीस मिनिटं त्यांनी खेळी केली नाही.

ती वीस मिनिटं माझी होती.

नंतरचं सांगण्यासारखं नाही.
कॅशियर माणूस. नोटा मोजाव्यात तसं
वजिराला वजीर, हत्तीला हत्ती.
सगळं फेडून झालं तेव्हा माझी तीन प्यादी उरली,
त्यांची दोन, आणि तो घोडा,
तोच, घरी परत गेलेला.
हरभऱ्यात शिरलेल्या रोह्यासारखी
त्यानं माझी तिन्ही खाल्ली, घाई न करता.

"पण घाबरवलं तुम्ही बापा,"
हात मिळवताना कुकडे म्हणाले.
माझा तळवा पांढरा झाला.

अडीच-दीडनं आम्ही हरलो.
दीडमध्ये माझं काही नव्हतं.
पावणेसहाच्या एसटीनं ते गेले, आणि संच आवरताना
मोहरे भरले एकतीस.
इंगोल्यांनी टेबलाखाली पाहिलं,
संत्र्यांच्या सालींत पाहिलं.
मला आठवला कुकड्यांच्या सदऱ्याचा खिसा,
त्याच्या कडेला बोटांचे डाग.
मी काही बोललो नाही.

ग्रंथपालांनी सुविचाराच्या फळ्यावरून नवा खडू आणला,
मोडला, एक तुकडा मला दिला.
आधीच्यापेक्षा उंच आहे हा.
उंटाशेजारी ठेवला तर उंटच वाटतो.

इंगोले डबीचं झाकण लावत म्हणाले,
"ह्याले तरी घरी ठेव बे."