शून्य धरून

तिसऱ्याच दिवशी कळलं
की कार्बन कुठे दिसत नाही, दिसतात त्या पावत्या:
लिग्नाइटच्या ट्रकांच्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्या,
विजेची बिलं,
आणि डिझेलचं रजिस्टर, ज्याची एप्रिलची दोन पानं
उंदरांनी खाल्ली होती.
केतकी मॅडम म्हणाल्या, मार्च आणि मेची सरासरी घे,
खाली लिही, गृहीत.
मी लिहिलं.
उंदरांचं नाव नाही घेतलं.

दांडिया बाजारात तुंगारेकाकू जिन्यात गाठतात,
"पर्यावरणात आहेस ना? मग आमच्या चौकात एक कडुनिंब लाव की."
बाबा, प्रतापनगरच्या शेडमध्ये उभा जन्म इंजिनांखाली काढलेले,
ताट पुढे ओढत विचारतात,
"पण तू दुरुस्त काय करतेस?"
मी म्हणते, आकडे.
आमटी वाढून होईपर्यंत कुणी बोलत नाही.

छाणी सुटलं की वास बदलतो.
नंदेसरीत शिरताना तर जिभेलाच चव येते.
रंगाच्या कारखान्यामागचा ओढा त्या दिवशी जांभळा होता
(तो आमच्या कामात येत नाही).
बॉयलरवर जयंतीभाई पढियार.
माझ्याकडे परदेशी यंत्र, कानांवर हेडफोन,
पिशवीत यंत्राच्या अचूकतेचं प्रमाणपत्र.
त्यांच्याकडे एक लांब स्क्रूड्रायव्हर.
टोक स्टीम ट्रॅपवर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून,
पलीकडच्या खोलीतलं भांडण ऐकावं तसे.
"आ सारो छे. टिक करतो, थांबतो, परत टिक.
हा सतरा नंबर गेला, नुसता रडतोय,
दिवाळीपासून लिहून देतोय मी."
भिंतीवर खडूनं खरंच लिहिलेलं होतं, १७,
तारखेसकट.
माझं यंत्र चाळीस मिनिटांनी तेच म्हणालं.
रिपोर्टात तो शोध माझ्या नावावर आहे.

मग मोठी शिफारस:
लिग्नाइट बंद, भुईमुगाच्या टरफलांच्या कांड्या सुरू.
नियम असा की टरफलांचा कार्बन शून्य धरायचा,
रोपानं हवेतून घेतला तोच परत दिला म्हणून.
एका चौकटीत दोन हजार एकशे चाळीस टन,
शेजारच्या चौकटीत शून्य.
मी ती चौकट हिरवी केली.
मॅडमनी पाठ थोपटली, मालकांनी सेवउसळ मागवली.

पहिल्या कांड्या पेटल्या तेव्हा मी तिथे होते.
कुठेतरी डँपर अडकला, आणि बॉयलर हाउस भरून आलं.
डोळ्यांतून पाणी, नाकात जळक्या खळ्याचा वास.
जयंतीभाई खोकत खोकत बाहेर ओट्यावर बसले,
"बेन, तमे तो कह्युं के झीरो थई जशे."
मी समजवायला लागले, रोप, हवा, माती, परत रोप,
बोटानं हवेत एक गोल काढला.
त्यांनी तो गोल पूर्ण होईपर्यंत बघितला,
मग बाजूला थुंकले. काळं.
आणि माझ्यासाठी, मुद्दाम, मराठीत विचारलं,
"हे कशात धरायचं?"

रात्री फाइल उघडली.
शून्याखाली एक टीप टाकली,
धूर आणि धूळ वेगळी मोजावी, फिल्टर बसवावा,
अंदाजे खर्च इतका.
सकाळी मॅडमचा शेरा:
बरोबर आहे गं, पण या कामात बसत नाही.
पुढच्या प्रस्तावात घालू.
टीप काढली.
ओढणी दोनदा धुतली.

सतरा नंबर गेल्या आठवड्यात बदलला.
जयंतीभाईंनी फोन करून ऐकवला मला,
मोबाईल धरला म्हणे पाइपाजवळ, हात भाजेल इतका जवळ.
टिक.
मग बराच वेळ काही नाही.
मग टिक.
मधल्या जागेत ते खोकत होते.