तिसरा खंड

पहिल्या खंडात परळीची चिमणी विझली.
दुसऱ्यात आम्ही माणसं मोजायचं सोडलं,
आम्ही म्हणजे पुस्तकातल्यांनी.
तिसऱ्यासाठी अकरा वर्षं
उदगीरच्या वाचनालयात चकरा;
कधी कुणाकडे, कधी बायंडिंगला.

काल राजुरे बाईंनी तारखेचा शिक्का मारला,
म्हणाल्या, शेवट आधी वाचायचा नाही.

जिन्यातच वाचला.

राखेच्या तळ्याकाठी कौसर एकटी,
नऊ दिवसांची उपाशी.
ओंजळीत करडईचं बी,
सगळ्या तालुक्यात उरलेलं तेवढंच.
बियालाच विचारतेय:
खाऊ का पेरू?

पुढचं पान फाडलेलं.

शिलाईला अडकलेल्या पट्टीवर
पेन्सिलीनं कुणीतरी:
खाल्लं असणार. मी खाल्लं असतं.

त्याखाली दुसरं अक्षर, बारीक, तिरकं:
निम्मं.